वायसरखालची काळी रेघ

पत्र : स. न. वि. वि. आमच्या घरात माणसे चार आणि पाण्याच्या बाटल्या सहा आहेत. सातवीतल्या मुलीची नळीने प्यायची प्लॅस्टिकची वॉटरबॅग, अंबडच्या कारखान्यात पाळीने जाणाऱ्या यजमानांची स्टीलची थर्मास-बाटली, सासूबाईंची तांब्याची बाटली आणि फ्रिजमधल्या तीन, ज्या मुळात शीतपेयाच्या आहेत. गेल्या आठवड्यात मुलीच्या बाटलीला कुबट वास येऊ लागला. पाहिले तर झाकणातल्या रबरी वायसरखाली काळी रेघ होती आणि आत बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागले. आम्ही शुद्धीकरण यंत्राचे पाणी भरतो आणि बाटल्या रोज विसळतो, तरी असे का व्हावे? भीतीपोटी मी सगळ्या बाटल्यांत कपडे पांढरे करायचे ब्लीच घालून रात्रभर ठेवले, तर स्टीलच्या बाटलीच्या बुडाशी तांबूस ठिपके दिसू लागले. त्याच बाटलीतून यजमान रात्रपाळीला चहाही नेतात. मुलीचा घसा वारंवार बसतो, तो याचमुळे असेल का? बाटल्या कशाने आणि किती दिवसांनी धुवाव्यात, की सरळ नव्याच घ्याव्यात?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या इतर कोणत्याही तपशिलापेक्षा ‘रोज विसळतो’ हे दोन शब्द मला महत्त्वाचे वाटले, कारण केवळ तुमच्याच नव्हे, तर बहुतेक घरांत पाण्याची बाटली विसळली जाते, घासली जात नाही. ज्या वाटीत आपण घोटभर वरण घेतो ती वाटी घासल्याशिवाय मांडणीवर जात नाही. परंतु ज्या बाटलीला दिवसातून वीस वेळा तोंड लागते तिच्यात ‘पाणीच तर होते’ एवढ्या सबबीवर पुन्हा पाणी भरले जाते. साबण-सोड्याकडे वळण्यापूर्वी हा गैरसमज बाजूला केलेला बरा.

तुमच्या बोटाला जे बुळबुळीत लागले तो जिवाणूंनी स्वतःसाठी बांधलेला निवारा आहे. पाण्यातले, हातांवरचे आणि मुख्यतः आपल्या तोंडातले जिवाणू ओल्या पृष्ठभागाला चिकटले की स्वतःभोवती एक चिकट आवरण तयार करतात आणि त्या आवरणाच्या आश्रयाने त्यांची वस्ती वाढत जाते. सूक्ष्मजीवशास्त्रात या थराला बायोफिल्म म्हणतात. सकाळी दात घासण्यापूर्वी जीभ फिरवली असता दातांवर जो थर जाणवतो तो याच जातीचा असतो, आणि नुसती चूळ भरून तो जात नाही हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. बाटलीतही तेच घडते : पाणी घालून कितीही खळखळवले, तरी सुटे जिवाणू तेवढे वाहून जातात आणि वस्ती जागच्या जागी राहते. वायसरखालची काळी रेघ ही बहुधा बुरशीची आहे. तिला ओल लागते, थोडेसे खाद्य लागते आणि कोणी हलवू नये अशी जागा लागते, आणि झाकणाच्या खाचेत या तिन्ही गोष्टी बाराही महिने मिळतात.

‘पाणी तर यंत्राचे आहे’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर थोडे उलटे आहे. नाशिक शहराला प्रामुख्याने गंगापूर आणि मुकणे धरणांचे पाणी मिळते. शुद्धीकरण केंद्रात त्यात क्लोरीन मिसळतात तो केवळ त्या क्षणी जंतू मारण्यासाठी नव्हे, तर वाटेत आणि साठवणीत त्या पाण्याची राखण व्हावी म्हणूनही. भारतीय मानकाप्रमाणे नळाच्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. घरच्या यंत्रातला कोळशाचा थर हा उरलेला क्लोरीन काढून घेतो, आणि म्हणूनच ते पाणी चवीला गोड लागते. म्हणजे यंत्रातून निघालेले पाणी स्वच्छ असते खरे, परंतु त्याचा राखणदार यंत्रातच राहिलेला असतो. म्हणून यंत्र बंद करा असे मी मुळीच म्हणणार नाही. यंत्राच्या भरवशावर बाटली घासणे सोडू नये, एवढेच.

आमच्या आजीच्या जुन्या नाशकातल्या घरी सकाळी पाणी आले की रात्रीचे उरलेले पाणी तुळशीला आणि कण्हेरीला जाई, हंडा-कळशी घासून उपडी पडे आणि मगच नवे पाणी भरले जाई. पाणीसुद्धा शिळे होते ही कल्पना तिला कोणी शिकवावी लागली नव्हती. प्रवासात फिरकीचा तांब्या असे, पण त्याला कोणी तोंड लावत नसे. पाणी पेल्यात ओतून किंवा वरून घटाघटा प्यायचे, उष्टे करायचे नाही. त्या सोवळ्या-ओवळ्याच्या सगळ्याच गोष्टी आज पाळाव्यात असे माझे मत नाही, तरी शिळे पाणी आणि उष्टे भांडे या दोन शब्दांत बाटलीच्या स्वच्छतेचा निम्मा विचार येऊन जातो. नळीने किंवा तोटीने पिताना प्रत्येक घोटाबरोबर थोडी लाळ आणि डब्यातल्या पोळी-भाजीचे बारीक कण परत आत जातात. त्यात एप्रिल-मे महिन्यांत नाशकात पारा चाळिशीला टेकलेला असतो आणि बाटली स्कूटरच्या डिकीत किंवा दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात तापत पडलेली असते. जिवाणूंना याहून अधिक काय हवे?

आता मुलीच्या बाटलीकडे वळू, कारण सहांपैकी सर्वांत अवघड तीच आहे. तिचे जेवढे भाग सुटे होतात तेवढे सगळे सुटे करावेत : झाकण, वायसर, तोटी, आतली नळी. वायसर खाचेत घट्ट बसलेला असतो. तो सुरीच्या टोकाने काढू नये, कारण त्याला चीर गेली की बाटली गळते आणि त्या चिरेत पुन्हा बुरशी बसते. चमच्याचा दांडा किंवा केसांच्या आकड्याची गोल बाजू खाचेत सरकवली की तो अलगद वर येतो. तो निघाल्यावर रेघ किती खोल गेली आहे ते उजेडात पाहावे. सिलिकॉनचा वायसर उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवला तरी त्याला काही होत नाही. उकळून, साबण लावून, जुन्या दात घासायच्या ब्रशने दोन्ही बाजूंनी घासल्यावर तो पूर्ववत दिसला तर वापरावा, आणि काळेपणा रबरातच मुरलेला असेल तर तो टाकून नवा बसवावा. अनेक बाटल्यांचे वायसर सुटे मिळतात, आणि त्यासाठी अख्खी बाटली टाकण्याची गरज नसते. झाकणाची रिकामी झालेली खाच आणि बाटलीचे आटे याच ब्रशने घासावेत. नळीसाठी लांब दांड्याचा, काडीएवढा बारीक ब्रश मिळतो. तो नसेल तर नळी स्वच्छ होत नाही, हे मी अनेक युक्त्या करून पाहिल्यानंतर सांगते आहे. बाटलीच्या आतल्या बाजूसाठी भांडी घासायचा द्रवरूप साबण, कोमट पाणी आणि बाटली घासायचा लांब ब्रश पुरेसा आहे, मात्र तो बुडाच्या कडेला आणि खांद्याच्या वळणाला लागला पाहिजे, कारण बोटे पोहोचत नाहीत तिथेच चिकटा धरतो.

हे काम रोजचे आहे. वायसर आणि नळी रोज काढणे जमत नसेल तर आठवड्यातून किमान दोनदा काढावी, पण बाटलीचा आतला भाग आणि तोटी यांना रोज साबण लागला पाहिजे. आणि ज्या दिवशी तिच्यात सरबत, ताक किंवा ग्लुकोजचे पाणी नेले असेल त्या दिवशी घरी आल्या आल्या, सकाळवर न ढकलता.

धुण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व मी वाळवण्याला देईन. बाटली धुऊन लगेच झाकण लावून ठेवली की आत ओल कोंडते, आणि कुबट वासाचे मूळ बहुतेक वेळा हेच असते. ती उपडी ठेवायची असते हे सर्वांना माहीत असते, परंतु ओट्याच्या सपाट फरशीवर उपडी ठेवलेल्या बाटलीत हवा शिरत नाही, आणि सकाळी उचलली की तोंडाच्या आकाराचे पाण्याचे कडे फरशीवर उमटलेले दिसते. ताटाळ्याच्या दांड्यावर, किंवा दोन चमचे आडवे टाकून त्यांवर तिरकी उपडी ठेवावी, म्हणजे ती निथळते आणि वाळतेही. झाकण, वायसर आणि नळी शेजारी वेगवेगळी असावीत. वैशाखात दोन तासांत कोरडी होणारी हीच बाटली श्रावणात रात्रभर ठेवूनही आत दमट राहते, म्हणून शाळेत जाणाऱ्या मुलाला दोन बाटल्या असाव्यात आणि त्या आलटून-पालटून जाव्यात असे मला वाटते : आज एक वाळते आहे, दुसरी शाळेत आहे. महागड्या एका बाटलीपेक्षा साध्या दोन बऱ्या. घासायचा ब्रशही टांगून वाळवावा. सिंकच्या कोपऱ्यात ओला पडलेला ब्रश जेवढे काढतो तेवढेच परत लावतो.

ब्लीचबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. स्टील गंजत नाही, कारण त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि तो आतल्या लोखंडाचे रक्षण करतो. ब्लीचमधले क्लोरीनयुक्त क्षार नेमका हाच थर जागोजागी फोडतात, आणि रात्रभर भिजवल्यावर तिथे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडून गंज धरू शकतो. तारेच्या घासणीनेही असेच ठिपके येतात. तिचे लोखंडी कण चिकटून राहतात आणि तेच गंजतात. म्हणून स्टीलच्या आणि तांब्याच्या बाटलीत ब्लीच कधीही घालू नये. प्लॅस्टिकच्या बाटलीला ते चालते, पण आजारपणानंतर वगैरे क्वचितच, लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा, सुगंध न घातलेले ब्लीच एवढ्याच प्रमाणात, काही मिनिटांपुरते, आणि नंतर बाटली भरपूर पाण्याने धुऊन. रोजच्या घासण्याला ते पर्याय नव्हे. याहून महत्त्वाचे म्हणजे ब्लीच आणि व्हिनेगर, लिंबू किंवा कोणताही आंबट पदार्थ एकत्र करू नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद स्वयंपाकघरात तो छातीला बाधू शकतो.

तुमच्या स्टीलच्या बाटलीतले ठिपके नेमके कशाचे आहेत हे तपासण्याचा सोपा उपाय आहे. किराणा दुकानात लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड मिळते. आधीचे ब्लीच साबणाने आणि भरपूर पाण्याने पूर्ण गेले आहे याची खात्री करून, अर्धा लिटर गरम पाण्यात एक चमचा लिंबूसत्त्व विरघळवून ते बाटलीत अर्धा तास ठेवावे. झाकण लावू नये. बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे क्षार चढले असतील तर बुडबुडे येऊन तेही विरघळतील, आणि वरवरचा गंज सुटेल. मऊ ब्रशने घासल्यावर ठिपके गेले तर बाटली निर्धास्त वापरावी. ते तसेच राहिले आणि ब्रशच्या टोकाला खड्डा लागू लागला, तर तिला निवृत्त करावे. लिंबूसत्त्वाने न जाणारा, पण ठिपक्यांऐवजी सर्वत्र पसरलेला तपकिरी थर असेल तर तो चहाचा समजावा. त्यासाठी गरम पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा रात्रभर, पुन्हा झाकण न लावता, ठेवला की सकाळी तो ब्रशने सहज निघतो. सोडा आणि व्हिनेगर एकदम ओतून येणारा फेस फार जोमदार दिसतो आणि म्हणून लोकांना तो आवडतो; परंतु आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात, आणि फेस ओसरल्यावर हाती जवळजवळ निरुपयोगी खारट पाणी उरते. आधी एक, धुऊन मग दुसरे, असेच करावे.

थर्मास-बाटलीला दोन भिंती असतात आणि मधली हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे ती आतून धुवावी, पण पातेल्यात टाकून उकळू नये किंवा टबात तासन्‌तास बुडवून ठेवू नये. यजमानांचा चहा दुधाचा असेल तर त्याला वेगळा लहान थर्मास द्यावा असे मी सुचवेन. दुधाचा चहा कोमट होत रात्रभर राहिला की नासतो, आणि त्याचा वास वायसरमध्ये एकदा बसला की पाण्याला लागतोच. कारखान्यातल्या कूलरवर बाटली भरताना तिचे तोंड नळाला टेकवू नये, हेही त्यांना सांगावे. त्या नळाला दिवसभरात शंभर बाटल्या टेकलेल्या असतात.

सासूबाईंच्या तांब्याच्या बाटलीविषयी मात्र थोडे जपून लिहिते, कारण तांबे शुद्ध असते या त्यांच्या विश्वासात तथ्य आहे. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले काही रोगजंतू मरतात हे प्रयोगांत दिसून आलेले आहे. परंतु झाकणाचा वायसर तांब्याचा नसतो! शिवाय आतून क्षारांचा किंवा काळपट थर चढला की पाण्याला तांबे लागतच नाही. भांडी बाजारातून आणलेला हंडा आपण चिंचेने लख्ख घासतो, कारण त्यात हात जातो. निमुळत्या गळ्याच्या बाटलीला तो उपाय चालत नाही. तिच्यात अर्ध्या लिंबाचा रस, चमचाभर मीठ आणि पेलाभर पाणी घालून नीट हलवावे, दहा मिनिटांनी ओतावे, तीनदा विसळावे आणि काडीला गुंडाळलेल्या स्वच्छ फडक्याने आतून पुसून उघडी ठेवावी. आठवड्यातून एकदा हे पुरे. आणि हिरवट डाग दिसला तर तो निघेपर्यंत तिच्यातले पाणी पिऊ नये.

तिच्यात पाण्याखेरीज काहीही भरू नये. एका वर्षी श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला निघताना घाईत मी स्वतःच लिंबाचे सरबत तांब्याच्या बाटलीत ओतले होते. अर्ध्या वाटेवर पहिला घोट घेतला तेव्हा ते नाणे चोखावे तसे लागले, तहान असल्यामुळे तरीही प्यायले, आणि पुढचा तासभर मळमळीने रस्त्याच्या कडेला बसून काढला. आपल्याकडे यासाठी ‘कळकणे’ असे खास क्रियापद आहे, आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करण्याचा खटाटोप आपल्या पूर्वजांनी केला तो याचसाठी. एवढे सगळे ठाऊक असूनही बाटली म्हटली की आपण हे विसरतो.

फ्रिजमधल्या तीन बाटल्यांना निरोप द्यावा. त्या एकदा वापरण्यासाठीच बनवलेल्या असतात, गरम पाणी ओतले की आकसतात, गळा अरुंद असल्याने आत ब्रश जात नाही आणि पातळ प्लॅस्टिकवर ओरखडे लवकर पडतात, ज्यांत चिकटा घट्ट बसतो. फ्रिजच्या गारव्याने जिवाणूंची वाढ मंदावते, थांबत नाही. नव्या येईपर्यंत मूठभर कोरडे तांदूळ, साबणाचे दोन थेंब आणि थोडे पाणी घालून त्या जोरात हलवाव्यात. उरलेल्या पाण्यात नवे पाणी ओतून भर घालत राहण्याची सवय मात्र आजच सोडावी.

मुलीच्या घशाचे खापर मी बाटलीवर फोडणार नाही. स्वतःच्याच तोंडातल्या जिवाणूंनी निरोगी मूल सहसा आजारी पडत नाही. धोका असतो तो मधल्या सुट्टीत चार मैत्रिणींनी एकाच नळीने पिण्याचा आणि न धुतलेल्या हातांनी तोटी उघडण्याचा, कारण घशाचे संसर्ग, जुलाब आणि एका प्रकारची कावीळ असे पसरू शकतात. घसा पुन्हा पुन्हा बसत असेल तर तो डॉक्टरांना दाखवावाच. बाटली धुतल्याने ते काम टळत नाही.

नव्या बाटल्या घ्याल तेव्हा तोंड एवढे रुंद असावे की तुमचा हात नाही तरी ब्रश सरळ आत जाईल, झाकणाला खाचा-कंगोरे कमीत कमी असावेत आणि वायसर सहज निघावा. दुकानातच तो काढून पाहावा. दुकानदार कपाळाला आठ्या घालील, तरी पाहावा. मुलगी सातवीत आहे, तेव्हा संध्याकाळी दप्तर ठेवताना बाटली ओट्यावर आणून सुटी करणे हे काम तिलाच द्यावे. सकाळी वायसर परत बसवणे मात्र पहिले काही दिवस तुम्ही स्वतः पाहा, कारण तो उलटा बसला की बाटली वरून घट्ट बंद दिसते आणि दुसऱ्या तासापर्यंत दप्तरातल्या सगळ्या वह्या भिजलेल्या असतात.